तीन नंबरच्या खोलीतला दिवा

मंगळवार, १० डिसेंबर

एजंटचा फोन आला तेव्हा माझे हात साबणाचे. वायरमननं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, घेतला. घेतला आणि मला न विचारता 'हो' म्हणून मोकळा!

एक जोडपं येतंय. परवा, गुरुवारी उतरणार, रविवारी सकाळी पुढचं विमान. मधे दोन दिवस कशाला थांबतायत, तर ज्यू आहेत म्हणे, धर्म काटेकोर पाळणारे. शुक्रवारचा सूर्य मावळला की शनिवारी तारे दिसेपर्यंत प्रवास नाही. विमान तर सोडाच, दिव्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही. विमानतळाजवळच्या मोठ्या हॉटेलांत दाराला कार्ड लागतं, ते विजेवर चालतं, म्हणून ती हॉटेलं बाद. आमच्या लॉजवर लोखंडी किल्ली आणि लाकडी जिना. आमचा मागासलेपणा एकदाचा कुणाच्या तरी कामी आला.

"पहिला मजला, उघडणारी खिडकी आणि पलंग वेगवेगळे," वायरमन बोटांवर मोजून सांगत होता.

"पलंग वेगवेगळे? नवरा-बायकोच ना?"

"असेल त्यांचं काही. मी तीन नंबर देतो."

तीन नंबर म्हणजे आमच्या पाच खोल्यांतली सगळ्यात चांगली. माझी आई आली होती तेव्हा तिला पाच नंबर मिळाली होती, पाण्याच्या टाकीखालची.

तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते. इथे 'तो' म्हणणार. वही माझी आहे.

स्वयंपाकघरातला पंखा आजही करकरत होता. मी म्हटलं, "पडेल एक दिवस माझ्या डोक्यात, म्हणजे सुटेन." तो म्हणाला, "हं."

बुधवार, ११ डिसेंबर

वायरमननं तीन नंबरमधे नवा दिवा लावला. नवं बटण बसवलं. खिडकीच्या बिजागरीला तेल दिलं. माझा पंखा तसाच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरात भरपूर आहे, पाहिजे तर पाहुण्यांनाही वाटता येईल.

गुरुवार, १२ डिसेंबर

आले.

तो उंच, दाढीवाला, काळी टोपी, आवाज एकदम मऊ. ती चाळिशीची असेल. डोक्याला निळा रुमाल इतका घट्ट की एक केस दिसत नाही. तरी सुंदर दिसते. केस न दाखवता सुंदर दिसायचं म्हणजे कमाल आहे. मी रोज अर्धा तास वेणी-फणी करते ती कुणासाठी देव जाणे.

मी चहा आणला. घेतला नाही. आमच्या कपात त्यांना चालत नाही. "राग मानू नका हं, नियम आहे," रुमालवाली म्हणाली आणि स्वतःच्या पिशवीतून कागदी पेला काढला. मूळचे इकडचेच म्हणे, म्हणून मराठी आपल्यासारखंच, फक्त प्रत्येक शब्द धुऊन-पुसून ठेवल्यासारखा. मी राग मानला नाही असं म्हटलं. मानला होता.

एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. मी किल्ली दाढीवाल्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बायकोला दिली नाही, टेबलावर ठेवली. मग तिनं टेबलावरून उचलली. पासपोर्टचंही तसंच. पाण्याच्या बाटलीचंही तसंच! एकमेकांच्या हाताला हात लागू द्यायचा नाही असा दोघांचा पण असल्यासारखं. आणि वर पलंग वेगळे. मी जिन्यात मावशींना म्हटलं, ह्या दोघांचं बिनसलंय. मावशी खोल्या झाडतात, त्यांना माणसं कळतात. त्या म्हणाल्या, "माणसाची चादर बघितल्याशिवाय मी काही बोलत नाही."

पण खरी गंमत नंतर झाली. गंमत कसली, नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या.

रुमालवालीनं वायरमनला विचारलं, खोलीचे दिवे कुठून चालतात, शुक्रवारी संध्याकाळपासून एक दिवा सतत चालू ठेवता येईल का, जिन्यातला दिवा माणूस आला की आपोआप लागतो तो बंद करता येईल का. झालं! वायरमनला कुणी वायरीबद्दल विचारलं की पावसातल्या बेडकासारखं होतं त्याचं. तिला जिन्याखालच्या बोर्डापाशी नेलं. हा मेन, हे पाच खोल्यांचे पाच खटके, हे अर्थिंग. ह्या घरातली तार न् तार मी स्वतः ओढलीय, माझी जोडणी कधी चुकत नाही, वगैरे. मागे समोरच्या दुकानात दिवे गेले तेव्हा दोष कंपनीचा निघाला होता, मग खटक्याचा, मग उंदराचा. ह्याचा नाही.

आणि ती ऐकत होती! मधे मधे प्रश्न विचारत होती! अर्थिंगबद्दल मन लावून ऐकणारी बाई मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

महिनाभरात तो माझ्याशी जेवढं बोलला नसेल तेवढं त्या बोर्डापाशी बोलला. दाढीवाले वर सामान लावत होते. त्यांना काही पडलेली नव्हती. नवऱ्याशी पटत नाही, आणि दुसऱ्याच्या नवऱ्याचं अर्थिंग ऐकायला वेळ आहे बाईसाहेबांना.

शुक्रवार, १३ डिसेंबर, दुपार

सकाळपासून वायरमन तीन नंबरमधे मुक्कामाला आहे. समोरच्या दुकानाचं काम होतं, ते "उद्या" केलं. फ्रिज उघडला की आतला दिवा लागतो, तो लागून चालत नाही, म्हणून तो काढला. न्हाणीघरातला दिवा लावून त्याच्या खटक्यावर चिकटपट्टी मारली, चुकून हात जायला नको. जेवणाच्या वेळचा दिवा रात्री आपोआप बंद व्हावा म्हणून कुठून तरी घड्याळाचं बटण आणलं. त्यांची स्वतःची विजेची शेगडी आहे, चपटी, मंद. तिच्यावर उद्याचं जेवण आत्तापासून उद्या दुपारपर्यंत गरम राहणार, कारण उद्या शेगडी लावता येत नाही. तिच्यासाठी जाड वायरचा वेगळा प्लग!

मी दारात उभी राहिले. म्हटलं, "राजवाड्याचं काम चाललंय जणू."

कुणी ऐकलं नाही.

रुमालवाली पलंगावर भाज्या चिरत बसली होती, स्वतःच्या सुरीनं, स्वतःच्या पाटावर. ती त्याला म्हणाली, "एक सांगायचं राहिलं. सूर्य मावळल्यावर आम्ही तुम्हाला 'हे लावा, ते बंद करा' असं सांगू शकत नाही. दुसऱ्याकडून करवून घेणंही चालत नाही. फार तर जे आहे ते बोलू शकतो. अंधार आहे, गार आहे, एवढंच."

वायरमन स्टुलावरून म्हणाला, "मग सांगू नका. मला कळेल."

मला कळेल!

बावीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. मला ताप आलाय हे ह्या माणसाला मी तापमापक दाखवून पटवलंय. माझं सगळं पालथ्या घड्यावर पाणी, आणि कालची आलेली बाई गार म्हणाली की ह्याला कळणार! कानामागून आली आणि तिखट झाली, ती म्हण कुणी केली असेल त्या बाईचे पाय धरावेसे वाटतात.

मेणबत्त्यांवरून पण झालं. आमचा नियम, खोलीत आग नाही. दाराच्या मागे पाटी आहे, माझ्या अक्षरातली. ती म्हणाली, सूर्य मावळायच्या आत दोन मेणबत्त्या लावाव्या लागतात, त्या बायकोनंच लावायच्या. मी पाटीकडे बोट दाखवलं. वायरमननं काय करावं? पत्र्याचा ट्रे आणून दिला, शेजारी वाळूची बादली ठेवली आणि पाटी काढून कपाटावर टाकली. माझी पाटी!

मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, रात्री काय असतं तुमचं? ती म्हणाली, फार काही नाही, प्रार्थना, जेवण. "आणि जेवायच्या आधी हे गातात. घरच्या बाईचं कौतुक असतं त्यात. ती पहाटे उठते, सगळ्यांना पोटभर घालते, तिच्या हाताला काम माहीत आहे, असं."

"दर शुक्रवारी?"

"दर शुक्रवारी. भांडण झालेलं असलं तरी गावंच लागतं. मग आवाज जरा खाली असतो." आणि हसली.

मी खाली आले. कांदा चिरत होते म्हणून बरं, डोळ्यांना कारण होतं.

मावशी जाताना म्हणाल्या, "साहेबांनी आज नवा शर्ट घातलाय, बघितलात का?" बघितलाय, मावशी. सगळं बघितलंय.

शुक्रवार, संध्याकाळ

टॉवेल द्यायच्या निमित्तानं वर गेले होते. दार अर्धं उघडं. तिनं मेणबत्त्या लावल्या, दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि तशीच उभी राहिली. पुटपुटत होती. दाढीवाले भिंतीला टेकून तिच्याकडे बघत होते. बिनसलेला नवरा असं बघत नाही. मग हात का लावत नाही? मला ह्या दोघांचं काही कळेनासं झालंय. मी टॉवेल दाराच्या कडीला अडकवून आले.

मग गाणं ऐकू आलं. खाली, ओट्यापाशी, सगळं ऐकू आलं. आवाज काही खास नाही, वरच्या पट्टीत फाटतो. शब्द कळत नव्हते, पण काय चाललंय ते मला ठाऊक होतं ना! कुणीतरी कुणालातरी सांगत होता, तू पहाटे उठतेस ते मी बघतो. मीही पहाटे उठते. पाच खोल्यांच्या चादरी, आठ माणसांचं पाणी, हिशेब, भांडी. माझं कौतुक कुणी गाऊ नका. निदान बघा तरी.

वायरमन बाहेरच्या खोलीत मॅच बघत होता. मी म्हटलं, "ऐकताय का वरती काय चाललंय?" तो म्हणाला, "हळू ऐकू येतंय, भिंत चांगली आहे." भिंत!

आम्ही जेवायला बसलो. त्याच्या ताटात पहिला घास, आणि जिन्यात पावलं. रुमालवाली. शेवटच्या पायरीवर थांबली आणि भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली, "वर फार गार झालंय बाई." बस. एवढंच. वळून वर गेली.

हा उठला. उष्ट्या हातानं उठला! हात धुऊन वर गेला, एसी कमी करून आला आणि येताना असा खुशीत, जणू परीक्षेत पहिला आलाय. "बघ, काही न सांगता कळलं," मला म्हणतो. मला!

माझं ताट तसंच राहिलं. पंखा करकरत होता.

शुक्रवार, नंतर

केलं.

जिन्याखालच्या बोर्डावरचा तीन नंबरचा खटका खाली पाडला. वायरमनचं तोंड टीव्हीकडे होतं. बघू आता. येऊ दे तिला परत खाली, म्हणू दे 'अंधार आहे'. बघू आणखी कसा धावतो, आणि बघू त्याचं तोंड तेव्हा कसं होतं. मला एकदाच ते डोळ्यांनी बघायचं आहे.

मी ओट्यापाशी उभी आहे. जिना दिसतो इथून.

कुणी आलं नाही. त्यांच्या मेणबत्त्या असतील अजून.

आता त्याही विझल्या असणार. त्यांच्या खिडकीचा उजेड बाहेर पडत नाही. तरी कुणी आलं नाही. आणि वरून हसण्याचा आवाज येतोय. दोघांचा! अंधारात बसून हसतायत! मी त्यांना अंधार दिला तर तोही त्यांनी गोड करून खाल्ला.

खटका परत वर करायला गेले तर वायरमन पाणी प्यायला उठला. मग राहूनच गेलं.

शनिवार, १४ डिसेंबर, सकाळ

मेले मी.

मला जाग आली तेव्हा तो बोर्डापाशी उभा होता. बराच वेळ. हात मागे बांधून, खटक्याकडे बघत. लोड जास्त झाला तर खटका आपोआप उडतो, पण तेव्हा तो मधेच अडकतो. हातानं पाडला तरच पूर्ण खाली जातो. हे त्यानंच मला शिकवलंय, लग्न नवं होतं तेव्हा, मी ऐकायची तेव्हा.

खटका पूर्ण खाली होता.

त्यानं तो वर केला. आंघोळीला गेला. मला काही विचारलं नाही. कदाचित लक्षात आलं नसेल. वायरमनच्या? छे.

मावशी वरून आल्या. म्हणाल्या, रात्रभर वीज नव्हती तिथे, शेगडी गार, जेवण गार. गार झालेलं आज परत गरम करून त्यांना चालत नाही. "दोघं गारच खाणारेत. तक्रार नाही, काही नाही. मला म्हणतात, तुम्ही बसा जरा."

शेगडीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी फक्त दिव्याचा विचार केला होता. तिनं काल दुपारभर बसून चिरलेल्या त्या भाज्या.

तिच्याबद्दल वाईट वाटतंय, हे मला लिहावंसं वाटत नाही. लिहिलं.

शनिवार, दुपार

तो काही बोलत नाही. समोरच्या दुकानात जाऊन आला. जेवला. मीठ कमी होतं, तेही बोलला नाही. त्याचं हे गप्प बसणं नेहमीचं आहे की आजचं, तेच मला ओळखता येत नाही. बावीस वर्षं एका घरात राहून.

एकच भीती आहे. मला बोलला तर बोलू दे, ऐकून घेईन. पण त्यानं तिला जाऊन सांगितलं तर? 'माफ करा, माझी बायको जरा तशी आहे.' तिनं त्या निळ्या रुमालातून माझ्याकडे दयेनं बघितलं तर मी ह्या घरात एक दिवस राहणार नाही. भावाकडे जाईन. खरंच जाईन. त्याची ओसरी रिकामीच आहे.

शनिवार, रात्र

आज खूप झालं. क्रमानं लिहिते.

अंधार पडताना चादरी काढायला गच्चीवर गेले. तिथे दाढीवाले, मान वर करून उभे. तीन तारे दिसले की त्यांचा दिवस संपतो, म्हणून तारे शोधत होते. विमानतळाच्या शेजारी तारे! ते म्हणाले, "एक दिसला." मी म्हटलं, "ते विमान आहे." थोड्या वेळानं म्हणाले, "तो बघा." मी म्हटलं, "तेही विमान आहे. उतरतंय." मग दोघं हसलो. मला हसायचं नव्हतं, पण हसले.

मीच विषय काढला, चोराच्या मनात चांदणं. म्हटलं, काल दिवे गेले म्हणे तुमचे, त्रास झाला.

ते म्हणाले, "त्रास कसला? एरवी जेवण झालं की मी पुस्तक उघडतो आणि ही एकटी बोलत बसते. काल पुस्तक उघडून उपयोगच नव्हता. ऐकत बसलो. लग्नाआधी आमचं बोलणं व्हायचं तसं झालं बघा." मग खरोखरचा तिसरा तारा दिसला आणि ते लहान मुलासारखे धावत खाली गेले.

म्हणजे मी खटका पाडला आणि तिला तिचा नवरा मिळाला! आगीत तेल ओतायला गेले आणि दुसऱ्याच्या घरात दिवा लागला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हसू पण आलं. दोन्ही एकदम कसं होतं कोण जाणे.

मग रुमालवालीनं मला वर बोलावलं. त्यांचा दिवस संपवायचा एक छोटा विधी असतो. पीळ घातलेली मेणबत्ती लावतात, आणि लवंगांची डबी सगळ्यांनी हुंगायची. दाढीवाल्यांनी डबी टेबलावर ठेवली, तिनं उचलली आणि माझ्या हातात दिली. मला राहवलं नाही. दाढीवाले खोलीबाहेर गेल्यावर विचारलंच, तुम्ही एकमेकांच्या हातात काही देत का नाही?

ती जरा लाजली. "आमच्यात महिन्यातले काही दिवस असतात, तेव्हा नवरा-बायकोनं हात लावायचा नाही. पलंगही त्यासाठीच." मग म्हणाली, "सुरुवातीला मला फार राग यायचा. पण हात लावायचा नसला की रुसवा काढायलासुद्धा बोलावं लागतं. नुसता हात धरून भागत नाही."

मी खाली आले. आम्ही दोघं एकमेकांच्या हातात कप देतो, ताट देतो, पिशव्या देतो. बोलणं तेवढं राहिलंय.

तेव्हाच ठरवलं, बोलायचं. तो बाहेरच्या खोलीत पकड पुसत बसला होता. मी म्हटलं, "तिचं तुम्हाला बरं कळतं. माझं कळत नाही."

तो म्हणाला, "तुझं काय?"

"बावीस वर्षं मी काही म्हणतच नाही का?"

त्यानं पकड खाली ठेवली. चिडला नव्हता, हेच वाईट. म्हणाला, "ती म्हणाली गार आहे, मी एसी कमी केला. तू म्हणतेस माझं नशीबच गार. आता नशिबाचा खटका कुठल्या बोर्डावर असतो, मला माहीत नाही."

मला उत्तर सुचलं नाही. मला! मावशी असत्या तर पेढे वाटले असते.

आणि मग तो उठला आणि वर गेला. सरळ तीन नंबरमधे. मी जिन्याखाली उभी राहिले. दारात रुमालवाली आणि दाढीवाले, समोर हा, मान खाली घालून. काहीतरी बोलत होता, हळू. ती मान हलवत होती, हात छातीशी. मग तिनं खाली आमच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं.

सांगितलं. त्यानं सगळं सांगितलं. बायकोचं कौतुक गाणारे एक, आणि बायकोची लाज चव्हाट्यावर मांडणारा एक. दोघं एकाच जिन्यावर.

खाली आला तर मी दिवा घालवून पडले होते. त्यानं विचारलं, "झोपलीस?" मी झोपले होते.

रविवार, १५ डिसेंबर

गेले. टॅक्सी पहाटेच आली. मी खोलीतून बाहेर आले नाही. डोकं दुखतंय म्हणून मावशींकडून निरोप दिला. तिनं दारावर हलकेच टकटक केली, "येते हं, काळजी घ्या," म्हणाली. आवाजात दया होती का, ऐकायचा प्रयत्न केला. कळलं नाही. कान लावून कळतं का असं काही!

वायरमननं त्यांच्या बॅगा खाली आणल्या. मग तीन नंबरमधे जाऊन घड्याळाचं बटण काढलं, चिकटपट्ट्या काढल्या, फ्रिजचा दिवा परत लावला. माझी पाटी परत दारामागे ठोकली. ठोकल्याचा आवाज खाली येत होता.

भावाला फोन लावला. म्हटलं, चार दिवस यायचं म्हणतेय. तो म्हणाला, ये की, काय झालं? मी म्हटलं, कुठे काय. पिशवी भरून ठेवलीय, दाराआड. उद्या दुपारच्या बसनं निघेन.

वायरमनला अजून सांगितलं नाही. त्याला कळतं ना सगळं, न सांगता? कळू दे.

सोमवार, १६ डिसेंबर

रुमालवालीचा फोन. मुक्कामी पोचले. मी म्हटलं, बरं झालं. ठेवणार होते, तर म्हणाली, "तुमच्या यजमानांना एकदा समजावा हो. परवा रात्री दारात उभे राहून हात जोडत होते. म्हणे माझी जोडणी चुकली, तुमचं जेवण माझ्यामुळे गार झालं. आम्ही किती म्हटलं, अहो होतं असं. ऐकेचनात. म्हणाले, घरात हिला काही बोलू नका, ती सकाळपासून जिवाला लावून घेऊन बसलीय."

मी फोन ठेवला. तो समोर जेवत होता. बसची वेळ होऊन गेली.